नागपूरचे ५६ अंश आणि पिशवीसकट तोललेली भाजी : टेम्परेचर सेन्सर चुकतो म्हणजे नक्की काय होतं

मे २०२४ चा शेवटचा आठवडा आठवतोय का? ३० तारखेला नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, दुसऱ्याने ५४, आणि व्हॉट्सॅपवर नुसता धुमाकूळ. त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरने ५२.९ दाखवून झालं होतं. भारतातला आजवरचा मान्य उच्चांक म्हणजे राजस्थानातल्या फलोदीचा ५१, तो १९ मे २०१६ चा, त्यामुळे ५६ म्हणजे एकदम पाच अंशांची उडी. माझे मामा नागपूरला असतात, त्यांचा लगेच फोन, "काऊन रे, तू त सेन्सरचंच काम करतं ना, मंग मशीन बी खोटं बोलते का?"

हवामान खात्याने नंतर तपासून सांगितलं की नागपूरचे ते आकडे सेन्सरच्या बिघाडामुळे होते, आणि मुंगेशपूरचं केंद्र प्रमाण उपकरणापेक्षा साधारण ३ अंश जास्त दाखवत होतं. खरं तर नागपुरातला घोळ त्याच दिवशी उघड दिसत होता, कारण त्याच भागातली दुसरी दोन केंद्रं ४४ च्या आसपास होती आणि तेवढ्या अंतरात हवा १२ अंशांनी बदलत नाही. पण मामांच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येईना म्हणून हे लिहितोय. मी नाशिककडे कोल्ड स्टोरेज, प्रीकूलिंग (माल साठवण्याआधी थंड करणं), थोड्याफार भट्ट्या-ओव्हन यांचं इन्स्ट्रुमेंटचं काम बघतो, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील.

मशीन खोटं बोलत नाही, त्याला जे ऐकू आलं तेच ते सांगतं

लहानपणी कानगोष्टी खेळलोय ना आपण? पहिला पोरगा कानात सांगतो "आजीने लाडू केले" आणि शेवटचा मोठ्याने ओरडतो "गाडीला झाडू मेले". शेवटचा पोरगा खोटारडा नसतो, मधे कुठेतरी घोळ झालेला असतो. डिस्प्ले म्हणजे तो शेवटचा पोरगा. त्याला तापमान वगैरे काही कळत नाही, त्याच्या मागच्या स्क्रूंवर किती ओहम रेझिस्टन्स आहे किंवा किती मिलिव्होल्ट आलेत एवढंच तो मोजतो आणि मग कोष्टकात बघून अंश छापतो. त्यामुळे सेन्सरच्या टोकापासून त्या स्क्रूपर्यंत जे काही मधे आहे, म्हणजे वायर, जॉइंट, गंजलेलं टर्मिनल, ढिला स्क्रू, पावसाचं पाणी, ते सगळं डिस्प्लेच्या हिशेबात तापमानच असतं.

रेझिस्टन्स म्हणजे वायरीतून करंट जायला होणारा अडथळा आणि तो ओहममध्ये मोजतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजेल.

पीटी हंड्रेड आणि पिशवीसकट वजन

इंडस्ट्रीत सगळ्यात जास्त भेटणारा सेन्सर म्हणजे पीटी हंड्रेड. पीटी म्हणजे प्लॅटिनम आणि हंड्रेड म्हणजे ० अंशाला बरोबर १०० ओहम. तापमान वाढलं की ओहम वाढतात, १०० अंशाला १३८.५ होतात, म्हणजे एका अंशाला साधारण ०.३८५ ओहम. हा आकडा फार महत्त्वाचा आहे कारण तो फार छोटा आहे. मुंगेशपूरचे ते तीन अंश पीटी हंड्रेडच्या भाषेत सांगायचे तर सव्वा ओहमसुद्धा होत नाहीत, एवढं तर एखादं कळकट टर्मिनल सहज खातं.

आता समजा भाजीवाल्याने पिशवीसकट भाजी तोलली. पिशवी पातळ असेल तर आपण काही बोलत नाही, पण ज्यूटची जाड ओली पिशवी असेल तर पाव किलो मेथीत पिशवीच जास्त भरेल. दोन वायरींनी जोडलेला पीटी हंड्रेड म्हणजे हेच, सेन्सरच्या १०० ओहममध्ये वायरीचे ओहम मिळवून मोजले जातात. तीन वायरींची जोडणी म्हणजे भाजीवाल्याकडे तशीच एक रिकामी पिशवी आहे, ती तो वेगळी तोलतो आणि वजा करतो. चार वायरींची म्हणजे पिशवी तागडीत येतच नाही, पण ते सहसा लॅबमध्ये. आपल्याकडे कोल्ड रूमला, डेअरीच्या टाकीला बहुतेक तीन वायरींचंच असतं, एका बाजूला दोन लाल आणि दुसऱ्या बाजूला एक पांढरी.

रंगावर मात्र जाऊ नका. लोकल प्रोबमध्ये (प्रोब म्हणजे आत सेन्सर बसवलेली स्टीलची नळी) मी निळा, काळा, पिवळा, सगळं बघितलंय. मल्टिमीटर ओहमवर टाका आणि तिन्ही वायरींच्या जोड्या मोजा, ज्या दोघींमध्ये जवळजवळ शून्य येतं त्या एकाच बाजूच्या, आणि तिसरीशी १०० च्या वर काहीतरी येतं. नाशिकच्या साध्या ३० अंशाच्या दुपारी ते १११.७ च्या आसपास यायला पाहिजे. मोजण्याआधी दोन गोष्टी, पॅनलचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली पाडा आणि वायरी कंट्रोलरमधून, म्हणजे आकडा दाखवून मशीन चालू-बंद करणाऱ्या डब्यातून, सोडवा, नाहीतर कंट्रोलरच्या आतलं सर्किटही त्यात मोजलं जातं. आणि मल्टिमीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून बघा, ०.२-०.३ ओहम तिथेच दिसतात, ते वजा करा. ही सवय नसल्यामुळे चांगले सेन्सर कचऱ्यात गेलेले मी बघितलेत.

द्राक्षाच्या कोल्ड रूमचा किस्सा

दोन सीझनमागे पिंपळगावकडच्या एका कोल्ड रूमवरून रात्री फोन आला. कंट्रोलरवर १ अंश दिसतोय, सेटिंगही १ चं, पण पंख्यासमोरच्या क्रेटमधल्या घडांचे देठ काळे पडायला लागलेत आणि मणी पाणचट. देठ आधी जातात कारण त्यांच्यात मण्याएवढी साखर नसते, म्हणजे हे गोठण्याचंच लक्षण. मालक म्हणाले, "दादा, सेन्सर नवाच टाकलाय परवा, तो कसा काय खराब?"

मी जाताना वाटेत बर्फ घेतला. चहाच्या मोठ्या ग्लासात बर्फ बारीक फोडून भरला, फटी बुजतील एवढंच पाणी ओतलं आणि प्रोब त्यात बुडवून, काचेला न टेकवता, हलवत पाच मिनिटं धरून उभा राहिलो, बोटं बधिर झाली पण ही परीक्षा फुकटात होते आणि खोटं बोलत नाही, बर्फ-पाण्याचं मिश्रण ० अंशालाच असतं. डिस्प्ले थांबला ३.५ वर. मग प्रोबच्या डोक्यापाशी वायरी सोडवून मीटर लावला तर १००.१ ओहम, सेन्सर एकदम शुद्ध. तीच वायर परत जोडून पॅनलच्या टोकाला मोजलं तर १०१.४. म्हणजे सव्वा ओहमच्या वर जे काही जमा झालं ते मधल्या १८ मीटरमध्ये.

पॅनल उघडल्यावर सगळं कळलं. सेन्सर बदलायला आलेल्या वायरमनकडे तीन कोरची, म्हणजे आत तीन वायरी असलेली, केबल नव्हती, दोन कोरची होती, ०.५ स्क्वेअर एमएमची, तीच त्याने ओढली आणि कंट्रोलरच्या तिसऱ्या टर्मिनलवर अर्ध्या बोटाएवढ्या वायरीचा जंपर मारून दिला, म्हणजे ते शेजारच्या टर्मिनललाच जोडून टाकलं. डिस्प्ले चालू झाला, पैसे घेतले, गेला. आता गणित बघा, ०.५ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण ३७ ओहम असतात, जाऊन-येऊन ३६ मीटर, म्हणजे १.३३ ओहम, भागिले ०.३८५, साडेतीन अंश. कंट्रोलरला १ दिसत होता तेव्हा खोली उणे अडीचला होती आणि कॉम्प्रेसर बिचारा इमानदारीने अजून थंड करत होता. तीन कोरची केबल टाकली, जंपर काढला, बर्फात ०.१.

जंपर मारलेला कंट्रोलर म्हणजे त्या भाजीवाल्याने रिकामी पिशवी म्हणून कागदाचा चिटोरा तोलला आणि तेवढंच वजा केलं. वजाबाकी झाली, पण कशाची?

"ऑफसेट टाकून दिला असता तर?"

हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. कंट्रोलरमध्ये ऑफसेट नावाचं सेटिंग असतं, उणे ३.५ टाकलं की डिस्प्ले बरोबर, केबल ओढायची कटकटच नाही. अडचण ही की तांब्याच्या वायरीचे ओहमसुद्धा तापमानाने बदलतात, अंशाला साधारण ०.३९ टक्के, म्हणजे जवळपास प्लॅटिनमइतकेच. पत्र्याखालून गेलेली केबल जानेवारीच्या पहाटे १० अंशाला आणि मेच्या दुपारी ४५ ला असेल तर त्याच १.३३ ओहममध्ये जवळपास ०.२ ओहमचा फरक पडतो, म्हणजे अर्धा अंश. द्राक्षाला अर्धा अंश चालतो का हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ढिला स्क्रू असेल तर ऑफसेट टाकणं म्हणजे शुद्ध फसवणूक, कारण तो आज एक अंश खातो, उद्या चार. ऑफसेट वापरायचा तो वायरिंग सगळं चोख असताना बर्फात ०.२-०.३ चा फरक राहिला तर, तेवढा सेन्सरच्या बनावटीतलाच असतो.

उकळत्या पाण्याची परीक्षाही लोक सांगतात, चांगली आहे, फक्त नाशिक-पुण्यात पाणी १०० ला उकळत नाही, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहोत म्हणून ते ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला तर अजून कमी. ९८ दिसले म्हणून सेन्सरला शिव्या घालू नका.

भट्टीवाल्यांची गोष्ट वेगळी : थर्मोकपल

बेकरीचा ओव्हन, हीट ट्रीटमेंटची भट्टी, इथे थर्मोकपल असतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की दुसऱ्या टोकांना थोडंसं व्होल्टेज मिळतं, १८२१ मध्ये झेबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला हा परिणाम सापडला. के टाइप हा आपल्याकडचा नेहमीचा, त्यात अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे शंभर अंशांच्या फरकाला चारच मिलिव्होल्ट. रिमोटमधल्या पेन्सिल सेलच्या साडेतीनशेव्या हिश्श्याएवढं. एवढीशी कुजबुज ऐकायची म्हणजे गडबड होणारच.

मुख्य मुद्दा हा की थर्मोकपल तापमान नाही तर दोन टोकांमधला फरक सांगतं, आणि कंट्रोलर त्यात स्वतःच्या टर्मिनलचं तापमान मिळवतो. म्हणून सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत त्याच जातीची वायर लागते. साध्या तांब्याच्या वायरीने वाढवलं तर समजा भट्टीजवळचा जॉइंट ६० अंशाला आहे आणि पॅनल ३५ ला, तर मधले २५ अंश हिशेबातून गायब, डिस्प्ले २५ ने कमी दाखवणार, भट्टी जास्त तापणार, माल जळणार, आणि सगळे बर्नरवाल्याला बोलणार.

पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी लागली तर ओळखायला सोपं, भट्टी तापते तसा आकडा खाली जातो. पण एकदा चूक झाली म्हणून घाबरून कोणीतरी दुसऱ्या टोकालाही उलटं केलं की दोन उलटे मिळून सुलटं वाटतं, आकडा वर जातो, सगळे खूश, आणि वरच्याच उदाहरणात आता २५ नाही तर तब्बल ५० अंश कमी दाखवतो. माझ्या मते थर्मोकपलमधली सगळ्यात हलकट चूक ही.

यात रंगांचा अजून एक घोळ. युरोपियन पद्धतीत के टाइपची हिरवी प्लस आणि पांढरी मायनस. अमेरिकन पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस! आपल्या हाताला बॅटरीमुळे सवय की लाल म्हणजे प्लस, मग काय होणार. माझ्या टूलबॉक्सात स्पीकरमधला एक लोहचुंबक असतो, के टाइपची जी तार चुंबकाला चिकटते ती मायनस. जे टाइपला उलट, तिथे प्लस लोखंडाची असते म्हणून ती चिकटते.

कंट्रोलर खराब की सेन्सर हे कळायला तर एक मिनिट लागतं. थर्मोकपल सोडवा, कंट्रोलरच्या त्याच दोन टर्मिनलमध्ये वायरीचा तुकडा टाकून शॉर्ट करा. पॅनलच्या आतलं तापमान दिसलं, ३५-४० वगैरे, की कंट्रोलर ठीक आहे. याच कारणाने केबल मधेच कुठे दबून शॉर्ट झाली की ९०० च्या भट्टीला डिस्प्ले निवांत ७० दाखवतो, ते ७० त्या दबलेल्या जागेचं तापमान असतं.

घरचा एसी, फ्रिज आणि पोरांचे प्रोजेक्ट

एसी-फ्रिजमध्ये एनटीसी असतो, काळा मण्यासारखा किंवा तांब्याच्या टोपीतला. हा उलट्या डोक्याचा, तापमान वाढलं की ओहम कमी. नेहमीचा १० के वाला २५ अंशाला १० हजार ओहम असतो आणि ० ला ३२-३३ हजार. आकडे एवढे मोठे की वायरीच्या एक-दोन ओहमला इथे कोणी विचारत नाही. इथे भानगड वेगळी, तुटला की कंट्रोलरला वाटतं भयंकर थंडी, शॉर्ट झाला की भयंकर उकाडा, आणि १० के च्या जागी ५ के चा टाकला की जन्मभर चुकीचंच. बदलताना जुन्याचे ओहम मोजून, त्याच व्हॅल्यूचा घ्या.

इंजिनिअरिंगची पोरं वापरतात तो डीएस१८बी२०. "डिजिटल आहे, मग चुकेल कसा?" असं विचारतात. बरोबर आहे, तो आकडाच पाठवतो, वायरीचे ओहम त्यात मिसळत नाहीत. पण डेटा आणि प्लस यांच्यामध्ये ४.७ के चा रेझिस्टर टाकायला विसरलात तर तो काही बोलतच नाही आणि स्क्रीनवर उणे १२७ येतो, म्हणजे "सेन्सर सापडला नाही". आणि ८५ आला तर ते सेन्सर सुरू होतानाचं ठरलेलं उत्तर आहे, त्याला मोजायला पाऊण सेकंद लागतो आणि तुम्ही त्याआधीच विचारलंत, किंवा मधेच त्याची पॉवर गेली. कोंबड्यांच्या शेडमध्ये मध्यरात्री ८५ चा अलार्म वाजून एक पोरगा गाडी काढून शेतावर पळाला होता, कोंबड्या मस्त झोपलेल्या.

आकडा कसा चुकतो ते बघा

किती चुकला यापेक्षा कसा चुकला हे बघायची सवय लावा. कायम तेवढाच जास्त असेल तर वायरीचे ओहम. मोटर सुरू झाली की नाचत असेल तर नॉइज, म्हणजे सेन्सरची केबल मोटरच्या नाहीतर व्हीएफडीच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलेली असते, ती वेगळी करा, जाळीवाली केबल घ्या आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करा, दोन्हीकडे केली तर जाळीतूनच करंट फिरायला लागतो. कंप्रेसर थरथरला की उडी मारत असेल तर स्क्रू ढिला आहे, वायरी एकेक करून हलकेच ओढून बघा, त्यातली एक हातात येईल.

आणि पावसाळ्यात, किंवा खोली धुतल्यावर, पीटी हंड्रेडचा आकडा हळूहळू खाली सरकत असेल तर प्रोबमध्ये ओल गेलीये. ओल म्हणजे सेन्सरला समांतर अजून एक वाट, करंट थोडा तिकडून जातो आणि एकूण ओहम कमी दिसतात. २० हजार ओहमची ओल म्हणजे खूप वाटते पण तेवढ्यानेही खोलीच्या तापमानाला दीड अंशाहून जास्त घसरतो. प्रोबच्या स्टीलच्या नळीपासून वायरीपर्यंत मोजा, मीटरने काहीही दाखवायला नको. दाखवत असेल तर हेअर ड्रायर मारत बसू नका, प्रोब बदला. नवा बसवताना केबल वरून सरळ ग्लँडमध्ये (केबल आत शिरते त्या तोंडात) उतरवू नका, खाली झोळ देऊन मग आत घ्या म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं.

सगळं वायरिंग बरोबर, तरी?

तरी चुकू शकतं, कारण सेन्सर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. पाइपमधल्या पॉकेटमध्ये (प्रोब बसवायच्या बंद नळीत) प्रोब सैल बसला असेल तर तो पॉकेटमधल्या हवेचं सांगेल. कोल्ड रूममध्ये दाराशी लावला तर दाराचं. हवामान केंद्रात म्हणूनच सेन्सर पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवतात, ऊन थेट लागू नये म्हणून. उन्हात ठेवलेला सेन्सर उन्हात तापलेल्या सेन्सरचं तापमान दाखवतो, हवेचं नाही.

हे मामांना सांगून दोनच दिवस झाले असतील, त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो पाठवला, ५१ अंश, खाली लिहिलेलं, "आता हे बी खोटं का?" मी विचारलं गाडी कुठे उभी होती. म्हणाले नागपुरातच, सदर भागात, सकाळपासून, डांबरावर, उन्हात. म्हटलं मामा, पुढच्या बंपरजवळ सेन्सर असतो तो तुमच्या गाडीचं सांगतोय, जरा वर्धा रोडला दहा-पंधरा मिनिटं वाऱ्यात चालवा आणि मग बघा. अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला. ४४.